२५ किलोमीटरनंतर माझं धावणं ‘मोडतं’, फॉर्म सुधारू की मॅरेथॉन सोडू?

एका मैत्रिणीचं पत्र आलंय, ओळख गाळून थोडक्यात देते. वय ३९, तीन वर्षांपासून धावते, चार हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) झाल्यात, चार महिन्यांनी पहिली फुल (४२ किलोमीटर) आहे. आठवड्यातून चार दिवस रनिंग, बाकी व्यायाम काही नाही. सगळ्यात मोठा रन २२ किलोमीटरचा होता, गेल्या महिन्यात एकदम २८ केला, सोबत फक्त पाणी. सुरुवात ६:४० च्या पेसने (किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद), शेवटी ७:३५. सायकलवरून सोबत असलेल्या मित्राने २६ व्या किलोमीटरला मागून व्हिडिओ काढला. “ताई, मी स्वतःला ओळखलंच नाही,” असं ती लिहिते. प्रत्येक पावलाला कंबर एका बाजूला पडतेय, गुडघे आत जातायत, मान खाली, टाचा फट फट आपटतायत. घड्याळात कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, १७२ वरून १६०, आणि पाय जमिनीवर टेकून राहण्याचा वेळ २४८ मिलिसेकंदांवरून २८५. व्हिडिओ रनिंग ग्रुपवर टाकला तर सल्ल्यांचा पाऊस: टाचेवर उतरू नकोस, चवड्यावर उतर, कॅडन्स १८० ठेव, फॉर्म होल्ड कर (म्हणजे धावण्याची ढब बिघडू देऊ नकोस). तिने तीन आठवडे चवड्यावर धावून बघितलं तर पोटऱ्या इतक्या धरल्या की जिना उतरवेना, आणि लाँग रननंतर उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं ते वेगळंच. प्रश्न असे: आधी फॉर्म सुधारू की मॅरेथॉनच सोडू? माझं शरीर लांब धावण्यासाठी बनलेलंच नाहीये का? आणि मित्राला व्हिडिओ काढणं बंद कर म्हणून सांगू का? शेवटी लिहिलंय, मला अगं-तुगं केलंत तरी चालेल, तर तसंच करते.

अगं, आधी तो व्हिडिओ बाजूला ठेव आणि घड्याळाचे आकडे परत काढ, कारण तुझी निम्मी भीती तिथेच कमी होईल असं मला वाटतं. ६:४० चा पेस म्हणजे मिनिटाला १५० मीटर, त्यात १७२ पावलं, म्हणजे एक पाऊल साधारण ८७ सेंटीमीटरचं. ७:३५ म्हणजे मिनिटाला १३२ मीटर, त्यात १६० पावलं, पाऊल ८२ सेंटीमीटर. आता मला सांग, तू सकाळी ताजीतवानी असताना मुद्दाम ७:३५ ने धावलीस तर तुझा कॅडन्स १७२ राहील का? नाही राहणार. वेग कमी झाला की कोणाचंही पाऊल आखूड होतं, कॅडन्स थोडा उतरतो आणि पाय जमिनीवर जास्त वेळ टेकतो, त्याला थकव्याची गरजच नाही. म्हणजे तुझ्या घड्याळाने जे दाखवलं त्यातला काही भाग नुसता ‘हळू धावण्याचा’ आहे आणि काही भाग खरा थकव्याचा, आणि आपण सगळंच थकव्याच्या नावावर टाकून मोकळे झालो. हे वेगळं करायचं असेल तर सोपं आहे: एक दिवस आरामात दोन किलोमीटर ७:३५ ने धाव, आकडे लिहून ठेव, मग २६ व्या किलोमीटरचे आकडे त्याच्याशेजारी ठेव. समजा ताजी असताना त्या पेसला १६६ आणि २६५ आले, तर थकव्याचा वाटा सहा पावलं आणि २० मिलिसेकंद, बारा आणि ३७ नाही. घड्याळ घालणाऱ्या सगळ्यांनाच हे सांगावंसं वाटतं, वेगवेगळ्या पेसचे आकडे एकमेकांशी लावून घाबरू नका.

आता जो खरा थकव्याचा वाटा उरतो त्याबद्दल. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, “फॉर्म मोडल्यामुळे मी दमते.” ग्रुपमधल्यांनीही हेच गृहीत धरलेलं दिसतंय, की फॉर्म बिघडला म्हणून बाकी सगळं बिघडलं. मला हे उलटं वाटतं. दमलीस म्हणून फॉर्म बदलला, आणि तो बदल म्हणजे तुझ्या शरीराने त्या क्षणी शोधलेला मार्ग आहे, पुढे जात राहण्याचा. तो मार्ग चांगला आहे की महागात पडणारा आहे हे बघू, पण तो चूक म्हणून सुरू झालेला नाही.

नक्की होतं काय ते सांगते. धावताना पाय स्प्रिंगसारखा काम करतो, प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या अडीच पट वगैरे जोर जमिनीकडून येतो आणि तो पाव सेकंदात झेलून परत फेकायचा असतो. यात सगळ्यात जास्त राबते ती पोटरी. पोटरीतला खालचा रुंद स्नायू, सोलियस, आणि त्याला जोडलेली टाचेमागची जाड शीर, अकिलीस टेंडन, यांच्यावर वजनाच्या कितीतरी पट ताण येतो आणि तोच ताण पुढच्या पावलाला ढकलायला परत मिळतो. ही फुकटची परतफेड आहे, म्हणूनच आपण एवढं लांब धावू शकतो. आता पोटरी दमली की काय होणार? काम तर तेवढंच आहे, वजनही तेवढंच आहे, मग ते काम वर सरकतं. २०१८ मध्ये जर्मनीत धावणाऱ्यांना ट्रेडमिलवर १० किलोमीटर एकाच वेगाने धावायला लावून हेच मोजलं होतं, जसजसं अंतर वाढलं तसं ढकलण्याचं काम घोट्याकडून गुडघ्याकडे आणि हिपकडे गेलं. फक्त १० किलोमीटरमध्ये! आणि गुडघा-हिपकडे घोट्यासारखी लांब स्प्रिंग नाही, तिथे स्नायूंना खर्च करूनच काम करावं लागतं, म्हणून तोच वेग जास्त महाग पडायला लागतो. मग हिपच्या बाजूचे स्नायू, जे एका पायावर उभं असताना कंबर सरळ धरतात, ते पण दमतात आणि कंबर दुसऱ्या बाजूला पडते, मांडी आत वळते, गुडघा तिच्यामागे आत जातो. तुझ्या व्हिडिओत जे दिसलं ते एकामागून एक घरंगळत गेलेलं ओझं आहे. तू वरचं टोक बघितलंस, सुरुवात बहुतेक खाली पोटरीत झाली असणार.

आणि म्हणूनच चवड्यावर उतरायचा सल्ला तुझ्या बाबतीत मला अजिबात पटला नाही. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल, पण चवड्यावर उतरलं की गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो आणि तो जातो कुठे तर पोटरी आणि अकिलीसवर. म्हणजे जो आधीच सगळ्यात पहिल्यांदा दमतो त्यालाच ओव्हरटाइम! तुझ्या पोटऱ्या धरल्या यात नवल काहीच नाही. आजपासून ते बंद कर. टाचेवर उतरणं हा गुन्हा नाही. २०११ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मॅरेथॉनमध्ये १० व्या आणि ३२ व्या किलोमीटरला धावणाऱ्यांचं चित्रण केलं होतं, १० लाच जवळपास दहातले नऊ जण टाचेवर उतरत होते आणि ३२ पर्यंत त्यात आणखी भर पडली, जे आधी पावलाच्या मधल्या भागावर उतरत होते त्यातले बरेच जण टाचेवर आले. लांब अंतरावर बहुतेकांचं असंच होतं.

दिसण्याबद्दलही थोडं बोलूया, कारण मला वाटतं तुला खरा त्रास त्याचाच झालाय. आपण सुंदर दिसणारं धावणं म्हणजे बरोबर आणि वेडंवाकडं दिसणारं म्हणजे चूक असं पटकन धरून बसतो. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक आठव, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही गोल्ड, आणि मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदा धावत होता. त्याचं धावणं बघितलंस तर मान एकीकडे, खांदे एकीकडे, चेहरा असा की बघणाऱ्याला वाटावं हा आता कोसळतो. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफचं डोकं प्रत्येक पावलाला हलायचं आणि त्याच डोक्यासकट तिने २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा बायकांच्या मॅरेथॉनचा जागतिक रेकॉर्ड केला जो सोळा वर्षं टिकला. हे सांगतेय ते ‘काहीही चालतं’ म्हणून नाही, तर कॅमेऱ्याला जे खटकतं आणि शरीराला जे खटकतं त्या दोन वेगळ्या याद्या आहेत म्हणून.

थकव्यातला प्रत्येक बदल वाईटच असतो असंही नाही. आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या डोंगराभोवतीची जी १६० किलोमीटरहून मोठी शर्यत आहे ती धावलेल्यांना आधी आणि नंतर मोजलं तेव्हा दिसलं की शर्यतीनंतर ते जास्त भरभर आणि कमी उसळत पावलं टाकत होते, म्हणजे दुखऱ्या पायांना कमी धक्का बसेल अशी चाल शरीराने आपणहून निवडली, कोणी कोच शिकवायला गेला नव्हता.

मग काळजी कशाची करायची? माझ्या मते तुझ्या व्हिडिओतल्या चार गोष्टींपैकी दोन सोडून दे आणि दोन धर. टाच आणि खाली गेलेली मान सोडून दे. कंबर पडणं आणि गुडघा आत जाणं हे धर, कारण २०१८ मध्येच ब्रिटनमध्ये दुखापत झालेल्या आणि न झालेल्या धावणाऱ्यांची तुलना केली होती त्यात कंबरेचा हा कलच सगळ्यात ठळक फरक निघाला. दुखापतीमुळे कंबर कलते की कलल्यामुळे दुखापत होते हे अशा तुलनेवरून ठरवता येत नाही, पण तुझा गुडघा बाहेरून दुखतोय आणि कंबर पडतेय हे एकत्र दिसतंय तर तिकडे लक्ष द्यायलाच हवं. फट फट आवाजाचं मी मधे ठेवेन, तो खुणेसारखा वापर. आवाज वाढला म्हणजे पाय झेलायला उशीर करतोय एवढं समज.

आता १८० चं. हा आकडा कुठून आला ते कळलं की त्याची दहशत जाते. जॅक डॅनियल्स नावाच्या अमेरिकन कोचने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बसून धावपटूंची पावलं मोजली आणि जवळपास सगळे १८० किंवा त्याच्या वर होते. पण ते जगातले सगळ्यात वेगवान लोक होते, शर्यतीच्या वेगात होते. तू ७:३० च्या पेसला १८० धरून ठेवायला गेलीस तर पाऊल होणार ७४ सेंटीमीटरचं, नुसतं तुरुतुरु, आणि हृदयाचे ठोके वर. तुझ्या उंचीला, तुझ्या पेसला जो कॅडन्स ताजेपणी आपोआप येतो तोच तुझा. थकव्यात त्याच्या जवळ परत येणं एवढंच करायचं. यासाठी आधार आहे तो २०११ च्या एका प्रयोगाचा, त्यात धावणाऱ्यांनी त्याच वेगात आपला नेहमीचा कॅडन्स फक्त ५ ते १० टक्के वाढवला तर गुडघ्यावरचा आणि हिपवरचा भार लक्षात येईल इतका कमी झाला, कारण पाऊल शरीराच्या फार पुढे न पडता खाली पडायला लागतं. तुझं गणित असं, १६० वर घसरलीस तर ५ टक्के म्हणजे १६८, म्हणजे उजवा पाय अर्ध्या मिनिटात ४० ऐवजी ४२ वेळा पडला पाहिजे. एवढंच. दोन जास्तीची पावलं. पेस वाढवायचा नाही, पाऊल आखूड करायचं.

पण हेही सारखं करत बसू नकोस. ‘फॉर्म होल्ड कर’ या सल्ल्यात हीच अडचण आहे, माणूस शेवटचे दहा किलोमीटर स्वतःच्या शरीरावर पहारा देत धावतो, खांदे आवळून, दात आवळून. २००९ च्या एका प्रयोगात धावणाऱ्यांना एकदा आजूबाजूला लक्ष द्यायला सांगितलं, एकदा श्वासाकडे, एकदा पायांच्या हालचालीकडे, आणि आजूबाजूला बघताना त्याच वेगाला ऑक्सिजन कमी लागला. स्वतःच्या हालचालीवर पहारा ठेवायला किंमत पडते. म्हणून मी सांगेन, दर किलोमीटरला एकदा, वीस-तीस सेकंद, एकच सूचना: “हलकं, आखूड”. किंवा हात सोडून झटकायचे आणि मुठी सैल. मग परत रस्ता, झाडं, गप्पा. मी स्वतः पहिल्या फुलला ३० नंतर चार-पाच सूचना एकाच वेळी डोक्यात घेऊन धावले होते, मान वर, कंबर वर, चवडा, हात, श्वास, आणि ३४ ला पोटरीत असा गोळा आला की उरलेलं अंतर चालत गेले. त्या दिवशी कोणीतरी मला दोन किलोमीटर आधी ‘जरा हळू हो’ एवढंच म्हणायला हवं होतं.

कारण खरा इलाज त्या शेवटच्या किलोमीटर्समध्ये नाहीच आहे, तो त्याच्या बराच आधी आहे. तुझ्याच पत्रातून तीन गोष्टी काढते.

पहिली, २२ वरून २८. ही २७ टक्क्यांची उडी आहे. २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावणाऱ्यांचा दीड वर्ष मागोवा घेऊन एक अभ्यास आला, त्यात आठवड्याचे एकूण किलोमीटर किती वाढवले यापेक्षा एकच रन गेल्या ३० दिवसांतल्या सगळ्यात मोठ्या रनपेक्षा १० टक्क्यांहून जास्त मोठा केला की दुखापतीचा धोका वाढताना दिसला. तुझ्यासाठी तो रन २४ चा असायला हवा होता. २५ नंतर जे घडलं ते अशा शरीरात घडलं ज्याला २२ च्या पुढचं काही माहीतच नव्हतं, त्यावरून ‘मी लांब धावण्यासाठी बनलेली नाही’ असा निकाल कसा काय लावतेस गं? गुडघा शांत झाला की २४, मग २६, मग २८, ३०, आणि जमलं तर ३२, दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला मुद्दाम छोटा रन. चार महिन्यांत हे बसतं, फार सैल नाही पण बसतं.

दुसरी, पेस आणि नुसतं पाणी. तू लिहिलंयस की तुझा हाफचा पेस ६:२५ आहे, आणि लाँग रन सुरू केलास ६:४० ने. एवढा जवळ! हा लाँग रन नाही, ही लांबवलेली शर्यत आहे. पहिले पंधरा किलोमीटर ७:१५ ते ७:३० ने जा, कंटाळवाणं वाटेल, वाटू दे. आणि अंगात साठवलेली साखर, ग्लायकोजेन, सगळी मिळून अंदाजे चार-पाचशे ग्रॅम असते, वेगात धावलं की ती भराभर संपते आणि मग स्नायू असून नसल्यासारखे होतात. दीड तासाच्या वरच्या प्रत्येक रनमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, जेल, ड्रिंक, जे तुझ्या पोटाला मानवेल ते, सुरुवात ३० ने कर आणि दमल्यावर घेऊ नकोस, पहिल्या ४० मिनिटांच्या आत सुरू कर. किती जणांचा ‘फॉर्मचा प्रॉब्लेम’ मी नुसता एवढ्याने अर्धा झालेला बघितलाय. तुझा विचार असेल तर अधूनमधून ठरवून चालणंही करून बघ, दमल्यावर नाही, पहिल्यापासून, दहा मिनिटं धाव की एक मिनिट चाल. यात कमीपणा काही नाही, पोटरीला मधे मधे सुट्टी मिळते आणि शेवटचे दहा किलोमीटर तू धावत असतेस.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी, ‘बाकी व्यायाम काही नाही’. अगं पहिल्या फुलला तुझी साधारण ५० हजार पावलं होणार, प्रत्येक पायाची २५ हजार, आणि प्रत्येक पाऊल म्हणजे एका पायावरची छोटी उडी. त्या उड्या मारायला पायात ताकद साठवायला नको का? १९९९ च्या फिनलंडच्या एका प्रसिद्ध प्रयोगात धावपटूंनी नऊ आठवडे रनिंगचा काही भाग कमी करून त्याजागी उड्या, स्प्रिंट आणि हलकं वजन झपाट्याने उचलायचा व्यायाम केला, त्यांची ऑक्सिजन घ्यायची कमाल क्षमता वाढली नाही तरीही ५ किलोमीटरचा वेळ सुधारला, कारण तोच वेग त्यांना स्वस्त पडायला लागला. तुला एवढं सगळं नको. आठवड्यातून दोनदा अर्धा तास. एका पायावर टाच उचलणं, गुडघा सरळ ठेवून आणि मग गुडघा वाकवून पण, कारण सोलियस वाकवल्यावरच जास्त राबतो. आत्ता मोजून बघ एका पायावर सलग किती होतात, नीट पूर्ण वर जाऊन. २० च्या खूप खाली अडकलीस तर तुझ्या २६ व्या किलोमीटरचं उत्तर बरंचसं तिथेच आहे, आणि २०-२५ सहज व्हायला लागले की हातात वजन घे. मग पायरीवर एका पायाने उभं राहून दुसरा पाय हळूच खाली टेकवून परत वर, आरशासमोर, कंबर सपाट राहते का आणि गुडघा आत जातो का ते बघत. साइड प्लँक, म्हणजे कुशीवर, एका कोपरावर शरीर सरळ उचलून धरणं. बस. लाँग रनच्या आदल्या दिवशी हे करू नकोस. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोपर्यंत व्हिडिओ बघून हिरमुसू नकोस.

एक गोष्ट तू ओझरती लिहिलीस, की तो २८ चा रन रात्री दीडपर्यंत ऑफिसचं काम करून पहाटे केला होता. थकवा फक्त पायात नसतो. २००९ मध्ये एका प्रयोगात लोकांना दीड तास डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग सायकल चालवायला लावली, हृदय आणि बाकी मोजमापं जवळपास तीच होती तरी त्यांनी लवकर सोडून दिलं, कारण तेवढंच काम त्यांना जास्त जड वाटत होतं. झोप नसलेल्या दिवशीचा लाँग रन एक दिवस पुढे ढकल किंवा छोटा कर, आणि त्या दिवसाचा व्हिडिओ तर अजिबात पुरावा मानू नकोस.

आता गुडघा, आणि इथे मी जरा कडक होणार आहे. बाहेरच्या बाजूचं दुखणं लांब धावणाऱ्यांमध्ये खूप दिसतं, बऱ्याचदा मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याचं असतं आणि सुधारतं, पण मी तो गुडघा बघितलेला नाही, म्हणून पुढचा लाँग रन करायच्या आधी फिजिओला दाखव. तोवर छोटे, सपाट रस्त्यावरचे रन चालतील, उतार टाळ. धावताना थोडं जाणवतंय, दहापैकी तीनच्या आत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेलं असतं, तर ठीक. दुखणं वाढत चाललंय किंवा तू त्या पायावर वजन टाकायचं चुकवतेयस, तर तिथेच थांब आणि घरी चालत किंवा गाडीने जा. दमून वाकडं धावणं वेगळं आणि लंगडणं वेगळं, पहिल्यात तू पेस कमी करून पुढे जाऊ शकतेस, दुसऱ्यात नाही. आणि हे सगळ्या वाचकांसाठी: नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा, रात्री झोपेत ठणका, एका पायावर उडी मारली की कळ, सांध्याला सूज, यातलं काहीही असलं तर रनिंग बंद करून डॉक्टरकडे, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला पडलेली बारीक भेग, धावत राहून बरं होत नाही. बायकांनो, लांब रन वाढवताना पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर तेही डॉक्टरांना सांगा, शरीराला खाणं कमी पडतंय आणि हाडं त्याची किंमत मोजतायत अशी ती खूण असू शकते.

ज्यांचं अंतर छोटं आहे त्यांनी हे आपलं नाही असं समजू नये. १० किलोमीटरवाल्यांचं हेच ७-८ ला होतं, पहिल्यांदा ५ करणाऱ्यांचं तिसऱ्याच किलोमीटरला. आणि डोंगरावर किंवा खूप उतारावर धावणाऱ्यांचं आधी मांडीत होतं, कारण उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो आणि त्याने तो आतून जास्त दुखावतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे कळतं ते. तिथे पोटरीपेक्षा थोडा थोडा उतार आधीपासून सवयीचा करणं जास्त कामाला येतं.

मॅरेथॉन सोडू का, यावर माझं मत सांगते. आत्ता सोडू नकोस, आत्ता ठरवूही नकोस. दहा आठवड्यांनी, गुडघा न दुखता ३० झाला असेल तर जा, आणि नसेल झाला तर तेवढ्या तयारीत हाफ मस्त पळ आणि फुल पुढच्या सीझनला ढकल. दोन्हीत तुझं काही जात नाही.

आणि मित्राला व्हिडिओ काढू दे, फक्त जरा शिस्तीत. एक ५ व्या किलोमीटरला, एक २० च्या पुढे, दोन्ही मागून आणि बाजूने, दोन्ही वेळी पेस एकच, स्लो मोशनमध्ये, दहा सेकंद पुरेत. सायकल मागे-पुढे हलत असते त्यामुळे शक्य असेल तर त्याला पुढे जाऊन थांबून काढायला सांग. ग्रुपवर टाकू नकोस, फिजिओला दाखव. आणि सहा आठवड्यांनी परत काढाल तेव्हा आधी कंबर बघ, चेहरा नंतर.